करडा चौकोन

पानाच्या मधोमध करडा चौकोन आणि त्यात कोड्याचा एक तुकडा. गाणं किंवा व्हिडिओ चालवायला ब्राउझरला लागणारं प्लगइन नाही, असा त्याचा अर्थ. माझ्या वयाच्या कोल्हापूरकरांना इंटरनेटवरचं गाणं आणि व्हिडिओ या चौकोनापलीकडेच भेटले.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत रिअल प्लेअर होता. डायल-अपवर नाट्यगीत लावलं की आधी बफरिंगचे टक्के चढायचे, मग दोन ओळी, पुन्हा टक्के. हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून दोघं दोघं ऐकायचो. अर्धवट ऐकलेल्या त्या ताना मला अजून प्रिय आहेत.

मग फ्लॅश नावाचं प्लगइन आलं. 2005 साली यूट्यूब सुरू झालं तेही त्याच्याच जोरावर. तेव्हापासून बिघाड काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला ते मनापासून आवडायचं. इंटरनेट एक्सप्लोररचा फ्लॅश वेगळा, फायरफॉक्सचा वेगळा. एकात व्हिडिओ चालतो नि दुसऱ्यात नाही, याचं कारण बहुतेकदा तेच असे. आवाज येतो पण चित्र काळं, तर व्हिडिओवर राइट क्लिक, सेटिंग्ज, आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशनसमोरची खूण काढायची. चित्र उमटलं की मागून आवाज यायचा, "लागलं की भावा!"

याच फ्लॅशमध्ये माझ्या ओळखीच्या शिक्षकांनी धडे बनवले. अक्षर कुठून सुरू करून कुठं वळवायचं ते दाखवणारी बाराखडी, सोबत वर्गातल्याच एका मुलीचा आवाज. विकतच्या कुठल्याही सीडीत मी इतकी जिवंत मराठी ऐकलेली नाही.

31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीनं त्याचा आधार काढून घेतला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरनं स्वतःच फाईली चालवणं थांबवलं. निर्णय बरोबर होता. त्यातल्या फटींतून व्हायरस शिरत होते, आणि व्हिडिओ दाखवायला ब्राउझरला आता प्लगइन लागत नव्हतं. पण धडे मुके झाले.

कोल्हापूरनं याआधीही एक माध्यम असं गमावलेलं आहे. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवला, 1920 मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. तिथं फीतच गेली. इथं फाईल शाबूत आहे, गेलाय तो फक्त ती चालवणारा.

आणि तो पुन्हा मिळतो. रफल नावाचं मोफत एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये घातलं की जुन्या फ्लॅश फाईली उघडतात. इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन संग्रहालयही त्यांच्याकडची फ्लॅश चित्रं रफलमधूनच दाखवतं. ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेच्या पहिल्या दोन आवृत्त्यांतलं काम सहसा नीट चालतं, तिसरीतलं काही अडखळतं. बाराखडी चालली, त्या मुलीच्या आवाजासकट. शाळेच्या कपाटात अशा सीडी असतील तर आधी त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. सीडीला बुरशी लागते, आणि सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर आता शोधावा लागतो.