पडद्यापुढचे फूल

25 जानेवारी 1987 च्या रविवारी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा अकोल्यातील आमच्या वस्तीत टीव्ही असलेली घरे मोजकीच होती. त्यांतले एक आमचे. वडील रेल्वेत, आई शिक्षिका. हप्त्यांवर घेतलेला कृष्णधवल संच बैठकीच्या खोलीत एका लाकडी मेजावर असे आणि त्याच्या बरोबर वर, भिंतीवर, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. ही मांडणी कोणी योजून केलेली नव्हती. विजेचे बटण तिथे होते म्हणून संच तिथे आला. तसबीर त्याच्या कितीतरी आधीपासून होती आणि रोज संध्याकाळी जपमाळेसाठी आम्ही तिच्यापुढेच गुडघे टेकत असू.

रविवारी आम्ही सकाळच्या पहिल्या मिस्सेहून परतेपर्यंत अंगणात चपलांची रांग लागलेली असे. साडेनऊला शीर्षकगीत सुरू झाले की बायका डोक्यावर पदर घेत. पडद्यावर अरुण गोविल दिसले की हात जोडले जात आणि मंथरा दिसली की बोटे कडाकडा मोडली जात. ती मंथरा साकारणाऱ्या ललिता पवार म्हणजे एके काळच्या मराठी नायिका, पण त्या खोलीत हे सांगून कोणाला पटले नसते. ऐन युद्धाच्या प्रसंगी वीज गेली, तर वीज असलेल्या आळीकडे सगळे धावत सुटत. जुलै 1988 मध्ये मालिका संपली, तेव्हा पुढची कथा दाखवावी म्हणून पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. ती बातमी ऐकून आमच्या वस्तीत कोणालाच नवल वाटले नाही.

शेजारच्या आजी मात्र केवळ पाहायला येत नसत. त्या स्नान करून येत, सोबत जास्वंदीचे एक फूल आणि उदबत्ती आणीत. फूल संचावर ठेवून उदबत्ती पेटवीत आणि मग भिंतीला टेकून बसत. धूर सरळ वर, तसबिरीकडे जाई. पहिल्या रविवारी आई अवघडली, दुसऱ्या रविवारी वडील अस्वस्थ झाले. आपल्या घरात, आपल्या देवासमोर ही पूजा कोणाची? आजींना नको म्हणावे तर शेजारधर्म आड येई, आणि चालू द्यावे तर पहिली आज्ञा. अखेर एका शनिवारी रात्री वडिलांनी तसबीर काढून समोरच्या भिंतीवर लावली. कोणाचे मन दुखणार नाही असा हा उपाय, असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. भिंतीवरचा तो उजळ चौकोन त्यांनी पाहिला, वळून तसबीर पाहिली आणि हातातले फूल हातातच ठेवून आईला म्हणाल्या, “देव काऊन हालवला वं बाई? माह्या फुलानं बाटला काय तुमचा देव?”

आईला उत्तर सुचले नाही. त्या रविवारी फूल संचावर चढले नाही. आजींनी ते तसेच घरी नेले. रात्री आईनेच तसबीर पुन्हा जुन्या जागी लावली. वडील काही बोलले नाहीत, फक्त स्टूल धरून उभे राहिले.

पुढे 1988 च्या ऑक्टोबरात बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ आले. राही मासूम रझा यांनी लिहिलेले ते संवाद आजींना पाठ झाले होते. रुक्मिणीचा प्रसंग आला तेव्हा तर त्या माहेरच्या माणसासारख्या सावरून बसल्या. कौंडिण्यपूर आमच्या अमरावती जिल्ह्यातले, वर्धेच्या काठचे. आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला नेले, अशी इकडे श्रद्धा आहे. “आपल्या इकडची पोरगी,” एवढेच त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

1992 च्या डिसेंबरात दूरदर्शनवर ‘बायबल की कहानियाँ’ सुरू झाली. अयोध्येतील 6 डिसेंबरनंतरचे ते दिवस होते; माणसे एकमेकांशी जपून बोलत. रविवारच्या त्या भक्तीचा आणि पुढच्या राजकारणाचा संबंध अरविंद राजगोपाल यांनी 2001 च्या आपल्या ग्रंथात तपासला आहे. तो संबंध मला नाकारता येत नाही. पण आमच्या खोलीतल्या त्या फुलाला मी त्यात बसवू शकत नाही. कारण याही वेळी आजी आल्या, स्नान करून, फूल घेऊन. “तुमच्या देवाचं हाय, मंग फूल नाई लागत काय?”

अब्राहामाने इसहाकला वेदीवर ठेवण्याची कथा त्यांनी श्वास रोखून पाहिली. मग म्हणाल्या, “हे तं आमच्या चिलयाबाळाचंच झालं वं.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “पन याच्या मायले कोनी इचारलं होतं काय?” चांगुणेची कथा ऐकत वाढलेल्या बाईला हा प्रश्न पडणारच. आईने त्या रात्री उत्पत्तीचा बाविसावा अध्याय पुन्हा काढून वाचला. सारेचे नाव त्या प्रसंगात कोठेच नाही.

आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. आई आता अमरावतीला माझ्याकडे असते. टाळेबंदीत, 27 मार्च 2020 च्या रात्री, पावसाने भिजलेल्या निर्मनुष्य सेंट पीटर चौकात पोप फ्रान्सिस यांनी प्रार्थना केली, ती आम्ही मोबाइलवर पाहिली. चर्च बंद होते. आईने तो मोबाइल पवित्र हृदयाच्या तसबिरीला टेकवून उभा केला, पुढे मेणबत्ती लावली, आणि पोपमहोदयांनी पवित्र साक्रामेंत उंचावले तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांवर ती खाली बसली. मीही बसले. समोर चार बोटांचा पडदा होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. 16 एप्रिलचा भाग 7.7 कोटी लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने नंतर जाहीर केले. त्या पहिल्या सकाळी मात्र आमच्या बैठकीत आम्ही दोघीच होतो. शीर्षकगीत सुरू झाले, तशी आईने माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, “सपाता दाराशी काढून ये.”