काटा बघा, मग पैसे द्या

अण्णांचं एचएमटी जनता गेल्या महिन्यात बंद पडलं. एसटीत लागल्यावर पहिल्या बोनसमधून घेतलेलं. बाजारातल्या एका दुकानात दिलं, आठवड्याने चकाचक होऊन परत आलं. वेळ अगदी बरोबर. पण सकाळी अण्णा चावी द्यायला बसले आणि म्हणाले, "अरे, ही नुसतीच फिरतेय, भरतच नाही."

मी सेकंद काट्याकडे पाहिलं. टक्... टक्... सेकंदाला एक उडी. पोटात गोळाच आला.

जनताच्या मशीनमधलं बॅलन्स व्हील तासाला 18,000 झोके घेतं, म्हणजे सेकंदाला पाच. दर झोक्याला काटा एक बारीक पाऊल टाकतो, म्हणून तो सरकत गेल्यासारखा दिसतो. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. सर्किट तो आकडा पंधरा वेळा निम्मा करत एकावर आणतं आणि छोटी मोटर काटा ढकलते. सेकंदाला एकदाच, कारण सेल वाचवायचा असतो. (काही भिंतीवरच्या सेलच्या घड्याळांत काटा सरकतोही, तेव्हा सरकणारा काटा म्हणजे चावीचंच, असं उलटं धरू नका.) वेळ पाळण्यात क्वार्ट्झ सरस, यात वाद नाही.

पण आम्ही ते मागितलं होतं का? तबकडी अण्णांची, आत मशीन परकं!

दुकानदार म्हणाला, "काका, पार्ट कुठे मिळतात आता? कंपनीच बंद झाली." हे मात्र खरं. 1961 मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला कारखाना उभा राहिला आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. पण मग आधी विचारायचं ना! मंडळी, जुनं घड्याळ देताना मागचं झाकण समोर उघडून घ्या, मशीनचा फोटो काढा.

बरंच भांडल्यावर त्याने एका डब्यातून पाच-सहा सुटी मशीन पुढ्यात ठेवली. "यातलंच एक तुमचं." चावी दिल्यावर एकच चाललं, तेच बसवून आणलं. आमचं तर बंद पडलेलं होतं. म्हणजे हे बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी अण्णांचं.

दिवसाला तीन मिनिटं मागे पडतं. अण्णा रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावून घेतात.