शिडीवरची बाई

अब्बांच्या पश्चात त्यांची लोखंडी पेटी उघडली तेव्हा आम्ही तिघं भावंडं आणि अम्मी, चौघंच घरात होतो. अब्बांची उभी हयात मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून गेली. पेटीच्या तळाशी एक गुंडाळी निघाली. अमेरिकेतलं 1956 सालचं कॅलेंडर. शिडीवर चढलेली गोरी बाई, हातात रंगाचा डबा, स्कर्ट खिळ्यात अडकून वर गेलेला आणि तोंडाचा चंबू. धाकट्यानं चटकन ते उलटं केलं. अम्मी म्हणाली, "बघू दे की. शिडी धरायला हिच्या घरात कुणीच नव्हतं काय रे?"

आम्ही हसलो, पण प्रश्न मनात राहिला.

पुढे अशा चित्रांविषयी आम्ही मिळेल ते वाचलं. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात 1896 साली ब्राऊन अँड बिगेलो ही कंपनी निघाली. तिच्या कॅलेंडरांवर दुकानदार आपलं नाव छापून घेत आणि गिऱ्हाइकांना ती फुकट वाटत. गिल एल्व्हग्रेन हा तिचा नावाजलेला चित्रकार. तो आधी मॉडेलला स्टुडिओत उभं करून फोटो काढी, मग तैलरंगात तिचे पाय लांबवी, कंबर बारीक करी. म्हणजे अशा चित्रातला खिळासुद्धा मुद्दाम ठोकलेला. बघणाऱ्याला वाटावं, आपण काही केलं नाही, सहज दिसलं. लाज मात्र बाईच्या चेहऱ्यावर.

सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग बायकांना. आमच्या घरात तो आधी बहिणीला ऐकवला गेला. आम्हा भावांना कुणी ऐकवलाच नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

अम्मीनं त्या चित्रात शिडी पाहिली. अब्बा महिनोन्‌महिने दर्यावर असत. पावसाळ्याआधी कौलं शाकारायला अम्मीच शिडी लावून चढायची. खाली शिडी आम्ही तिघं धरायचो. "वर बघू नका, डोळ्यांत माती जाईल," असं ती दर खेपेला बजावायची. माती पडायची हे खरंच. पण तिनं तसं का बजावलं असेल, ते आम्हाला या कॅलेंडरानं इतक्या वर्षांनी सांगितलं.

धाकटा कॅलेंडर जाळायला निघाला होता. अम्मीनं ते हातातून घेतलं, नीट गुंडाळलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांनी जपून ठेवलं होतं."