मुके पैंजण

“फोटो बघून मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेणार नाही!” असे आमच्या स्वयंपाकघरातून ठणकावून सांगण्यात आले, आणि त्या एका वाक्यामुळे मला हुपरीला जावे लागले.

गोष्ट २०२५च्या दिवाळीआधीची. भाचीच्या मुलीचे बारसे तोंडावर आले होते आणि तिला चांदीचे वाळे करायचे ठरले होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी हुपरीची. वडिलांच्या हातचे दागिने ती हल्ली मोबाइलवरून, इन्स्टाग्रामवरून विकते. तिने पाचसहा नमुन्यांचे फोटो पाठवले. मला सगळेच आवडले. पण मराठीचा प्राध्यापक शब्दावर विश्वास ठेवतो, त्याची बायको वजनावर. “गुजरी हाकेच्या अंतरावर असताना हे नसते उद्योग कशाला?” हा तिचा दुसरा प्रश्न. त्याला उत्तर नव्हते, म्हणून मी पिशवी उचलली आणि एस.टी. स्टँड गाठले.

कोल्हापूरहून हुपरी वीसेक किलोमीटर. गाडी शहराबाहेर पडली की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो, तो थेट गावापर्यंत सोबत करतो. वाटेत पट्टणकोडोली लागते. दसऱ्यानंतर इथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते आणि भंडाऱ्याच्या उधळणीने माणसे, रस्ते, भिंती सारे पिवळे होऊन जाते. मी गेलो तेव्हा यात्रा होऊन गेली होती. सोन्याच्या रंगातून चांदीच्या गावाकडे जाण्याची ही वाट मला मोठी गमतीची वाटली.

हुपरीत शिरताना माझे कान टवकारलेले होते. शंभराहून अधिक वर्षे जे गाव देशाच्या पायांत पैंजण घालत आले, तिथे पाऊल टाकताच रुणझुण ऐकू येणार, अशी माझी भाबडी कल्पना! प्रत्यक्षात ऐकू आली मोटारीची घरघर, हातोडीची टकटक आणि उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी. “सर, पैंजण पायात गेल्यावर बोलतो. इथं सगळे मुकेच,” माझी विद्यार्थिनी हसून म्हणाली.

तिचे घर म्हणजेच कारखाना. बाहेरच्या खोलीत भट्टी, मधल्या खोलीत कामाची बैठक, आत देवघर आणि स्वयंपाक. अशी घरे इथे गल्लोगल्ली. एवढेच कशाला, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली अशा आसपासच्या गावांतही हे काम वाटले जाते. दुपारची कामे उरकली की बायाबापड्या ओसरीवर बसतात आणि कड्या जोडतात. आपल्या पायातल्या एका साखळीला किती घरांचे हात लागलेले असतात, हे आपल्या गावीही नसते.

तिचे वडील, अण्णा, साठीच्या घरातले. मांडी घातलेली ती मोडलीच नाही; मला बसायला खुणावून त्यांचे काम चालूच. मी दुपारपर्यंत तिथे बसलो आणि धातूचा दागिना कसा होतो ते पाहिले. मुशीत चांदी आटवायची. शुद्ध चांदी वितळायला साडेनऊशे अंशांहून अधिक उष्णता लागते. नुसती चांदी फार मऊ, म्हणून तिच्यात मापाने तांबे घालायचे. हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी असेल, तर तिला ९२५ची म्हणतात. मग कांबी ओतायची, ती दाबून बारीक करायची आणि पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढायची. प्रत्येक भोक आधीच्याहून बारीक. शेवटी दोऱ्यासारखी तार हाती येते. ती सळईभोवती गुंडाळून कापली की कड्या होतात. कडीत कडी अडकवायची, झाळायची, घुंगरू लावायचे, कानशीने घासायचे आणि अखेर रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने उजाळा द्यायचा. जमिनीवरचा केरसुद्धा फुकट जात नाही. तो जपून ठेवतात, कारण धुतल्यावर त्यातूनही चांदी निघते.

“पण अण्णा, एवढे करून दागिन्यावर तुमचे नाव कुठे?” मी विचारले.

“आमचं नाव कशाला असंल, सर?” ते म्हणाले, “चांदी सराफाची, दुकान सराफाचं, नाव सराफाचं. आमची मजुरी.”

जुना व्यवहार असाच. व्यापाऱ्याची चांदी तोलून घ्यायची, दागिना तोलून द्यायचा आणि मधली घट ठरल्याहून अधिक येऊ द्यायची नाही. हुपरीची माणसे हा माल घेऊन देशभरच्या पेठांत गेली; काही तिथेच स्थायिक झाली. आज राजकोट, आग्रा, सेलम या गावांशी आणि यंत्रावर झरझर निघणाऱ्या साखळ्यांशी हातकामाची स्पर्धा आहे. त्यात २०२५ साली चांदीने किलोला लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि दिवाळीपर्यंत ती दीड लाखाच्याही वर गेली. लोकांना वाटते, चांदी महागली म्हणजे चांदीच्या गावाची चंगळ! खरे पाहता कारागिराला तेवढ्याच मालाला दुप्पट भांडवल लागते आणि गिऱ्हाईक वजन कमी करून मागते. “चांदी चांदीच्या भावात. आपली भाकरी मजुरीत,” हे अण्णांचे अर्थशास्त्र. म्हणून मुलगीही आज ठरलेल्या भावाची चांदी आजच घेते. उद्या उतरेल म्हणून थांबत नाही.

तिचा धंदा तिच्या खिशात मावतो. खिडकीपाशी पांढरे कापड अंथरून ती फोटो काढते. खाली वजन, शुद्धता, चांदीचा भाव, मजुरी आणि तीन टक्के जीएसटी असा सगळा हिशेब उघडा लिहिते. पैसे आले की विमा उतरवून पार्सल रवाना. नागपूर, बंगळूर, इंदूर – जिथे अण्णा कधी गेले नाहीत, तिथे त्यांचे पैंजण जातात आणि पहिल्यांदाच त्यांच्या नावानिशी जातात.

“मग अण्णा खूश असतील!” मी म्हणालो. खोलीत एकदम शांतता पसरली. मग तिनेच सांगितले.

श्रावणात परगावच्या एका बाईंना पैंजण पाठवले होते. बिलावर वजन ८० ग्रॅम. बाईंनी आपल्या सराफाकडे तोलले, ते ७९ भरले. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या, त्याही सभ्यपणे. शंभर-सव्वाशे रुपयांचा प्रश्न! पोरीने घाईत उजाळ्याआधी वजन केले होते; घासण्यात ग्रॅमभर गेला. ती पैसे परत पाठवणारच होती. पण अण्णांनी ते वाचले आणि आठ दिवस भट्टी पेटवली नाही.

“पन्नास वर्षं सराफांच्या नावावर काम केलं,” अण्णा खाली बघत म्हणाले, “कुणी एका गुंजेचा बोल लावला न्हाई. आणि माझं नाव पयल्यांदा लागलं, तेच खोट्या वजनाला!”

मला काय बोलावे सुचेना. परीक्षेच्या पेपरातली माझी चूक मंडळाच्या नावावर जाते. वर्तमानपत्रातल्या लेखातली चूक खिळे जुळवणाऱ्यावर ढकलण्याची सोय जुन्या लेखकांना होती. नाव लागणे म्हणजे काय, हे मला त्या बैठकीवर कळले.

नवव्या दिवशी अण्णांनी काटा स्वतःच्या मांडीशी ओढला. आता उजाळा दिल्याशिवाय तोलायचे नाही. तोलताना काट्याचा आकडा दिसेल असे चित्रीकरण करायचे आणि ते आधी गिऱ्हाइकाला पाठवायचे. मागेल त्याला हॉलमार्क करून द्यायचा. चांदीला तो सक्तीचा नाही, पण १ सप्टेंबर २०२५पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सहा चिन्हांचा ओळख क्रमांक येतो. त्या बाईंना पैसे गेले, सोबत अण्णांची सही असलेली चिठ्ठीही गेली. उत्तर आले नाही. ते अजूनही अण्णांना डाचते.

परतताना मनात एक शब्द घोळत होता – चोख. चांदी चोख, हिशेब चोख, उत्तर चोख, व्यवहार चोख. कस लागणे, कसोटीला उतरणे, शंभर नंबरी असणे – माणसाच्या गुणांसाठी मराठीने किती शब्द सोनाराच्या दुकानातून उसने आणले आहेत! वर्गात मी हे वर्षानुवर्षे शिकवीत आलो, पण सोनाराला त्यासाठी केवढी किंमत मोजावी लागते, हे पुस्तकात नव्हते.

वाळे २१ ग्रॅमचे. घरी आल्यावर त्यांची स्तुती मी तोंड भरून केली. बायकोने ती शांतपणे ऐकली, वाळे पदराच्या गाठीत बांधले आणि “आलेच हं” म्हणून ती बाहेर पडली. कुठे, ते मी विचारले नाही. गुजरी हाकेच्या अंतरावर आहे.

अर्ध्या तासाने ती परतली. वाळे देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या मुलीचा नंबर द्या बरं मला. पाडव्याच्या ओवाळणीला काय घ्यावं, हा तुमचा प्रश्न मिटला.”