बिनतारीचे मौन

यंत्र अडले की मनुष्याचा हात आधी उगारला जातो आणि डोके मागाहून चालू लागते. रेडिओ खरखरला की त्याला थाप बसते, पंखा कुरकुरला की त्याला काठीने ढोसतात, आणि संगणक अडला की तो बंद करून पुन्हा सुरू करतात. या उपायांनी कधी कधी गुण येतो, हीच त्यांतली वाईट गोष्ट. एकदा थापेने बोललेला रेडिओ पुढे जन्मभर थापा खात राहतो. तो मुळात गप्प का झाला होता, हे मात्र कोणालाच कळत नाही.

त्यातून बिघाड बिनतारी यंत्रणेचा असेल, तर विचारूच नये. तार तुटली तर ती दिसते, नळ फुटला तर पाणी वाहते. परंतु घरातल्या वायफायच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत, अंगावरून गेल्या तरी जाणवत नाहीत. त्यांतली नेहमीच्या वापरातली लहर एका सेकंदात सुमारे दोन अब्ज चाळीस कोटी वेळा कंप पावते आणि तिची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे मोठ्या माणसाच्या अर्ध्या वितीहून किंचित अधिक असते. अशी लहर खोलीत असूनही लॅपटॉपला ती सापडत नाही, तेव्हा दोष लहरीचा, लॅपटॉपचा, की दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या आणखी कोणाचा, हे नुसते पाहून सांगता येत नाही. तेथे डोळ्यांचे काम प्रश्नांना करावे लागते.

तालुक्याच्या एका गावी सातवीत शिकणाऱ्या मुलीला तिच्या मामांनी आपला जुना लॅपटॉप दिला. तो २००९ सालचा होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला आणि अशा वयस्क यंत्रांचे आता काय करावे, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. मामांनी त्यावर लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवून दिली. पडदा उजळला, अक्षरे उमटली, आवाजही आला. फक्त जेथे बिनतारी जाळ्यांची यादी दिसायची, तेथे काहीच दिसेना. दुरुस्तीच्या एका दुकानात यंत्र नेले, तेव्हा "आतलं कार्ड जळालं आहे, यावर पैसे घालू नका," असा निकाल मिळाला. वडील म्हणाले, "रविवारपर्यंत पाहू, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकू." मुलीचा अभ्यास, तिची चित्रे, नुकतीच लिहू लागलेली गोष्ट, सारे त्या लॅपटॉपवर होते. तिचा चेहरा उतरला.

शनिवारी दुपारी मामा आले.

"मामा, कार्ड जळालं आहे म्हणतात," ती म्हणाली.

"हे त्यांनी कशावरून ठरवलं?"

"ते चालत नाही यावरून."

"चालत नाही, हे आपल्याला दुकानात जाण्यापूर्वीच ठाऊक होतं. त्यांनी आपलीच तक्रार आपल्याला परत दिली. जा, एक वही घेऊन ये."

वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढली गेली. डावीकडे प्रश्न लिहावयाचा, उजवीकडे यंत्राचे उत्तर. आणि एका प्रश्नाचे उत्तर लिहून होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावावयाचा नाही, असा मामांचा दंडक होता. हा दंडक पाळणे किती कठीण असते, हे ज्याने कधी गाठ सोडवली आहे त्याला ठाऊक आहे. चार टोके एकदम ओढली की गाठ घट्ट बसते.

अशा चौकशीला लिनक्स मोठी सोयीची पडते. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहावयास घेतला आणि तो सर्वांना वाचण्यासाठी व सुधारण्यासाठी खुला ठेवला. यंत्र सुरू झाल्या क्षणापासून कोणता भाग भेटला, कोणी काय मागितले, काय मिळाले नाही, याची रोजनिशी हा गाभा लिहीत असतो. मात्र तो आपण होऊन बोलत नाही. साक्षीदार सच्चा आहे, परंतु मितभाषी. जेवढे विचारावे तेवढेच सांगणार.

पहिला प्रश्न अगदी साधा होता: दार बंद तर नाही ना? त्यासाठी मामांनी 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा लिहावयास सांगितली. उत्तरात दोन कड्यांचा उल्लेख आला. एक कडी प्रणालीच्या आतली, कळ दाबून लावता-काढता येणारी. ती उघडी होती. दुसरी प्रत्यक्ष यंत्रावरची, आणि तिच्यापुढे 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असे लिहिले होते. मुलीने लॅपटॉप हातात घेऊन चारही कडा बोटांनी चाचपल्या. पुढच्या कडेला, धुळीने बुजून गेलेले, नखाएवढे सरकते बटण लागले. दप्तरात घालता-काढता ते केव्हातरी सरकले असावे. तिने ते सरकवले, पुन्हा विचारले. या वेळी दोन्ही कड्या उघड्या होत्या.

तिने टाळी वाजवली, पण यादी कोरीच राहिली.

पुष्कळ लोक येथेच फसतात. एक दोष काढूनही यंत्र चालले नाही, म्हणजे तो दोष नव्हताच, असे समजून ते बटण पुन्हा पहिल्या जागी सरकवून ठेवतात. एका बिघाडाच्या पाठीमागे दुसरा दडून बसलेला असू शकतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नसते. वहीत मात्र पहिल्या प्रश्नापुढे उत्तर लिहिले गेले होते, त्यामुळे तो पुन्हा उकरून काढण्याचे कारण उरले नाही.

दुसरा प्रश्न दुकानदाराच्या निकालाविषयी होता: कार्ड जिवंत आहे का? 'एलएसपीसीआय' ही आज्ञा म्हणजे लॅपटॉपच्या आतील भागांचा हजेरीपट. तिने नावे पुकारली आणि लांबलचक यादीत एक ओळ आली: ब्रॉडकॉम, बीसीएम ४३१२. पूर्ण जळालेले कार्ड अशी हजेरी देत नाही. नावाजवळ '१४ई४:४३१५' असा क्रमांकही होता. त्यातला पहिला भाग बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या नगाच्या जातीचा. नाव ४३१२ आणि क्रमांक ४३१५, हे पाहून मुलगी बुचकळ्यात पडली. पण कार्डांच्या दुनियेत असे चालते. तेथे नावापेक्षा क्रमांकावर विश्वास ठेवणे बरे, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या घडणीची कार्डे सापडतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

"म्हणजे जळालं नाही!" ती म्हणाली.

"हजर आहे, एवढंच कळलं. आता त्याची भाषा समजणारा कोणी आहे का, ते विचार."

संगणकाचा गाभा आणि कार्ड यांची भाषा एक नसते. दोघांच्या मध्ये एक दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा शब्द ऐकून मोटार हाकणारा डोळ्यांपुढे येतो, परंतु कामाने तो दुभाषाच. मुलीच्या कार्डासाठी 'बी४३' नावाचा दुभाषी आपल्या जागी हजर होता. त्याचा जन्म ज्या रीतीने झाला, ती सांगण्याजोगी आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी ब्रॉडकॉम कंपनीची कार्डे पुष्कळ लॅपटॉपांत बसवली जात. पण त्यांच्याशी कसे बोलावे, हे कंपनीने लिनक्स लिहिणाऱ्यांना सांगितले नव्हते. तेव्हा काही जणांनी ती भाषा स्वतःच शोधून काढण्याचे ठरवले. कंपनीचा मूळ ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो, हे एका गटाने न्याहाळले आणि जे कळले ते साध्या भाषेत टिपून ठेवले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे पाहिलेही नाही. त्याने केवळ त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. असे दोन गट करण्याचा हेतू हा की, कोणाचेही लिखाण उतरवून घेतल्याचा आळ येऊ नये. परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत न डोकावण्याचाच हा प्रकार, फक्त तो मोठ्या माणसांनी आपण होऊन पाळला. २००६ मध्ये त्यांचा पहिला ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात घेतला गेला आणि २००८ मध्ये त्याची जागा 'बी४३' ने घेतली. पुढे २०१० मध्ये कंपनीनेही आपल्या नव्या कार्डांसाठी एक खुला ड्रायव्हर दिला.

जुन्या कार्डांची काळजी ज्यांनी वर्षानुवर्षे वाहिली, त्यांत लॅरी फिंगर हे एक होते. ते मूळचे खनिजांच्या स्फटिकांचे अभ्यासक. अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी काम केले होते, आणि एल साल्वादोर देशातील इझाल्को ज्वालामुखीवर सापडलेल्या, तांबे व व्हॅनेडियम असलेल्या एका खनिजाला त्यांच्या नावावरून 'फिंगराइट' म्हणतात. उतारवयात हा मनुष्य बिनतारी कार्डांच्या नादी लागला. लिनक्समध्ये त्यांच्या हजाराहून अधिक दुरुस्त्या आहेत. जून २०२४ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी ते वारले. ज्यांनी त्यांचे नावही ऐकले नाही अशांचे लॅपटॉप त्यांच्या कामावर चालत असतात.

दुभाषी चांगला, कार्ड हजर, कडी उघडी. मग मौन कशाचे? आता रोजनिशी उघडण्याची वेळ आली होती. 'डीमेसेज' या आज्ञेने शेकडो ओळी भराभर पडद्यावरून सरकल्या. मामांनी त्यांतल्या फक्त 'बी४३' असलेल्या ओळी निवडावयास सांगितल्या. त्या थोड्याच निघाल्या. कार्ड सापडले, असे पहिल्या ओळींत होते. आणि त्यांच्याखाली लिहिले होते की, 'यूकोड१५' नावाची फाइल आणता आली नाही, चूक क्रमांक उणे २. या उणे दोनचा अर्थ ठरलेला आहे: 'अशी फाइल किंवा असा कप्पा येथे नाही.'

दुकानदाराने जळालेले म्हणून टाकून दिलेले कार्ड खरोखर एका फाइलीसाठी अडून बसले होते!

या फाइलीला फर्मवेअर म्हणतात. असली कार्डे म्हणजे मोठी विसराळू मुले. वीज गेली की आपले काम कसे करावयाचे, हेच ती विसरतात. कारण त्यांचा पाठ त्यांच्यापाशी कायमचा साठवलेला नसतो. प्रत्येक वेळी यंत्र सुरू झाले की ड्रायव्हरने तो पाठ नव्याने पढवावा लागतो. पण या कार्डाचा पाठ कंपनीच्या मालकीचा, आणि तो लिनक्सबरोबर सर्वांना वाटण्याची परवानगी नाही. म्हणून एक छोटा कार्यक्रम कंपनीचा मूळ ड्रायव्हर आंतरजालावरून उतरवून घेतो आणि त्यातून हवा तेवढा भाग कापून काढून योग्य कप्प्यात ठेवतो.

"पण आंतरजाल तर चालतच नाही!" मुलगी म्हणाली.

अडचण खरीच होती. विहिरीतून पाणी काढण्यासाठी दोर हवा, आणि दोर तर विहिरीतच पडलेला! मामा हसले. त्यांनी आपला मोबाइल फोन नेहमीच्या चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडला आणि फोनमधील आंतरजाल त्या तारेवाटे आत सोडले. लिनक्सच्या दृष्टीने हे तारेचेच जाळे. त्यासाठी बिनतारी कार्डाची गरज नाही. काही मिनिटांत पाठ कप्प्यात येऊन पडला. ड्रायव्हर एकदा काढून पुन्हा बसवला, आणि कोऱ्या यादीत एकामागून एक नावे उमटू लागली. शेजाऱ्यांचे जाळे, समोरच्या दवाखान्याचे, आणि शेवटी अगदी क्षीण असे घरचे.

हे 'क्षीण' मुलीला खटकले. राउटर त्याच खोलीत, भिंतीवर होता. तिने आपण होऊन वहीत नवा प्रश्न लिहिला: "जवळचा आवाज लांबून आल्यासारखा का?" लहरीचे बळ पडद्यावर उणे ८१ दिसत होते, हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी लहर बळकट. लॅपटॉपचा अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतो आणि तेथून दोन बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. मामा सांगू लागले की, आठवते त्याप्रमाणे मागे एकदा त्यांनी कळफलक बदलून घेतला होता.

रविवारी सकाळी चष्मा दुरुस्त करण्याचा बारीक पेचकस शेजारच्या आजोबांकडून आला. आधी वीजजोड आणि बॅटरी काढून बाजूला ठेवली. मग तळाचे झाकण उघडले. पांढरी तार आपल्या जागी बसलेली होती. काळी तार कार्डाशेजारी मोकळीच पडली होती. तिच्या टोकाची टोपी तांदळाच्या दाण्याएवढी. मुलीने ती नखाने अलगद दाबली, तेव्हा बारीकसा टक् असा आवाज झाला. झाकण लावून यंत्र सुरू केले. तिने वहीत उजवीकडे लिहिले: उणे ४८.

तेवढ्यात भंगारवाल्याची हाक ऐकू आली. वडिलांनी त्याला वर्षभराची वर्तमानपत्रे बांधून दिली.