फिरंग : मूठ इथली, पाते कुठले?

सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात घडलेली पाती पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत. दख्खनी कारागीर त्यांवर एतद्देशीय मूठ चढवीत. अशा सरळ पात्याच्या तलवारीस 'फिरंग' हे नाव पडले.

म्हणूनच जाणकार संग्राहक मूठ आणि पाते यांची पारख स्वतंत्रपणे करतो. पाते मुठीत राळेने वा लाखेने घट्ट बसवलेले असे. उष्णता दिली की ते सुटे. मूठ मोडली तरी उत्तम पाते टाकून दिले जात नसे, त्याला नवी मूठ मिळे. परिणामी एकाच तलवारीचे दोन भाग दोन देशांचे, क्वचित दोन शतकांचेही निघतात.

पात्यावरील धावता लांडगा ही पासाऊ आणि झोलिंगन या जर्मन शहरांची खूण. तिला प्रतिष्ठा लाभताच तिच्या नकलाही निघाल्या. त्यामुळे केवळ खुणेवर निर्णय देता येत नाही. पात्यावरील लांब खाचा, त्याची जाडी, झीज आणि पोलादाचा पोतही तपासावा लागतो.

लखलखाटाच्या हौसेपोटी जुने पाते घासले, तर पुसट खूण कायमची नाहीशी होते. मग ती तलवार झोलिंगनची की दख्खनची, हे सांगणारा पुरावाच उरत नाही.