हिरवा दिवा लागण्यापूर्वी

नाताळचे झाड म्हटले की आपल्या घरातील लहानथोरांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते, हे सांगावयास नको. परंतु भर उन्हाळ्यात पेटणारे एक नाताळचे झाड आम्ही पाहिले आहे. त्याला ना फांदी, ना पान. एक उभा खांब आणि त्याच्या दोन्ही अंगांना वरपासून खालपर्यंत दिव्यांची ओळ, एवढेच त्याचे रूप. मोटारींच्या शर्यतीचा आरंभ करून देणाऱ्या या खांबाला अमेरिकेत 'ख्रिसमस ट्री' असेच म्हणतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात इंडियाना राज्यातील एका लहान गावी, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, आम्ही दोन महिने बदलीवर होतो. चर्चची लहानमोठी दुरुस्ती विनामूल्य करणारे साठीचे एक मेकॅनिक गृहस्थ तेथे होते. एका शुक्रवारी संध्याकाळी ते आम्हांला आपल्याबरोबर ड्रॅग रेस पाहावयास घेऊन गेले. खरे सांगावयाचे तर आम्ही मनातून नाखूश होतो. दोन मोटारी, पाव मैलाचा म्हणजे १३२० फुटांचा सरळ रस्ता, ना वळण ना चढ. दहाबारा सेकंदांत सारे संपते. यात पाहावयाचे काय?

गृहस्थांनी वाटेत या खेळाचा इतिहास सांगितला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडील तरुण पोरे सार्वजनिक रस्त्यांवर मोटारी पिटाळून जीव धोक्यात घालू लागली. त्यांना रस्त्यावरून उठवून सुरक्षित धावपट्टीवर आणावे, या हेतूने वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली. आरंभी निशाण हाती घेतलेला माणूस इशारा देत असे. चतुर स्पर्धक निशाणाकडे न पाहता त्याच्या खांद्याच्या हालचालीकडे पाहत आणि मग वादाला तोंड फुटे. १९६३ मध्ये इंडियानापोलिसच्या राष्ट्रीय स्पर्धेत दिव्यांचा खांब आला. माणसाचा खांदा गेला आणि सर्वांना सारखा दिवा आला.

या दिव्यांची रीत अशी. मोटार आरंभरेषेपासून सुमारे सात इंचांवर आली की पहिला दिवा लागतो; पुढचे चाक रेषेवरील प्रकाशकिरणात आले की दुसरा. दोघेही सिद्ध झाले की तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतराने वरून खाली पेटत येतात आणि तिसऱ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. हिरव्यापूर्वी चाक किरणातून बाहेर पडले तर लाल दिवा लागतो आणि स्पर्धक बाद होतो.

हौशी मंडळींच्या शर्यतीत आणखी एक न्याय आहे. आपली गाडी किती सेकंदांत धावेल, तो आकडा प्रत्येकाने स्वतःच काचेवर लिहावयाचा. संथ गाडीला त्या फरकाएवढी आधी सोडतात. मात्र स्वतः लिहिलेल्या आकड्याहून जलद धावलात तर सहसा तुम्ही हरता. आपली ऐपत कमी सांगून सवलत उपटणाऱ्याला तेथे थारा नाही. हे ऐकून आमचा नाखुषीचा सूर थोडा उतरला.

परंतु ज्या गोष्टीने आम्हांला खऱ्या अर्थाने अंतर्मुख केले, ती निराळीच होती. तेथे दोन घड्याळे चालतात. धावण्याची वेळ मोजणारे घड्याळ हिरवा दिवा लागताच सुरू होत नाही; चाक रेषेवरून हलते तेव्हा सुरू होते. दिवा आणि चाक यांमधील जो काळ, त्याला प्रतिक्रियाकाल म्हणतात आणि तो वेगळा नोंदला जातो. निघण्यात जे गमावले ते धावण्याच्या आकड्यात दिसतच नाही. निकाल मात्र दोन्ही मिळून लागतो.

गृहस्थांनी काचेवर १२.४० लिहिले होते, प्रतिस्पर्धी तरुणाने ११.२०. गृहस्थ १२.४६ मध्ये धावले, तरुण ११.२१ मध्ये. आपल्या आकड्याच्या अधिक जवळ धावला तो तरुण, आणि तरीही जिंकले गृहस्थ! कारण ते हिरव्यानंतर ०.०३० सेकंदात निघाले होते, तरुण ०.११० सेकंदात. शेवटी दोघांत तीन शतांश सेकंद, म्हणजे जेमतेम पाच फुटांचे अंतर उरले.

"हे साधले कसे?" आम्ही विचारले.

ते म्हणाले, "फादर, मी हिरवा दिवा पाहतच नाही. हिरवा दिसला म्हणजे उशीर झालाच. शेवटचा पिवळा दिसला की निघायचे."

यात चलाखी नव्हती. डोळ्याने दिवा पाहून हातापायाने हालचाल करावयास माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. शिवाय गाडीचे चाक जागचे हलावयास वेळ लागतो, तो निराळाच. तो सारा काळ हिशेबात धरून, हिरवा येणारच या भरवशावर निघावे लागते. पुढच्याच फेरीत मात्र त्यांचा दिवा लाल लागला. चार सहस्रांश सेकंद आधी! परत आल्यावर ते एवढेच म्हणाले, "आज मन गाडीच्या पुढे धावले." निकालाची छापील चिठ्ठी त्यांनी आम्हांला आठवण म्हणून दिली, ती पहिल्या फेरीची. तिच्यावर सर्वांत वर प्रतिक्रियाकाल असतो. धावण्याचा आकडा त्याच्या पुष्कळ खाली.

ही चिठ्ठी आम्ही प्रार्थनाग्रंथात ठेवली आणि विसरलो. दोन वर्षांनी, जुलैच्या एका संध्याकाळी, पॅरिश कौन्सिलची सभा चालू असताना एक मुलगा भिजत आला. "फादर, आजोबांना बरे नाही. आजीने बोलावले आहे."

"डॉक्टर येऊन गेले का?"

"हो."

"मग सभा संपताच येतो."

सभेत छपराच्या पत्र्यांचा विषय होता. मुलगा गेला. प्रकृती खरोखर गंभीर असेल तर पुन्हा कोणी येईल, असे आम्ही मनाशी म्हटले. पुन्हा कोणी आले नाही. पाऊण तासाने आम्ही पवित्र तेलाची कुपी घेऊन मोटारसायकल काढली आणि भर पावसात नऊ मिनिटांत ते घर गाठले. त्या रस्त्याने इतक्या वेगाने आम्ही त्यापूर्वी कधी गेलो नव्हतो, त्यानंतरही नाही.

आजोबांच्या उशाशी मेणबत्ती लावलेली होती. पाव तासापूर्वीच ते गेले होते. आजींनी आमच्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "किती धावत आलात, फादर! आधी डोके पुसा." आणि त्यांनी टॉवेल पुढे केला.

त्या शब्दांत उपरोध नव्हता, म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. आमच्या नऊ मिनिटांचे त्यांना कौतुक होते. पाऊण तासाचा हिशेब त्यांनी विचारला नाही. तो आम्हीच त्या रात्री मांडला. तरुणपणी आमचे दिवे बहुधा लाल लागत. पुरते ऐकून न घेता आम्ही माणसांना बोललो, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली. पुढे वय वाढले तसे आम्ही सावध झालो. प्रत्येक गोष्टीत हिरव्या दिव्याची वाट पाहू लागलो आणि त्या सावधपणालाच शहाणपण समजत राहिलो. भिजत आलेला तो मुलगा म्हणजेच शेवटचा पिवळा दिवा होता.

आजही आमचा दिवा कधी लाल लागतो, कधी उशीर होतो. चिठ्ठी अजून प्रार्थनाग्रंथातच आहे. तिच्यावरची शाई आता पुसट होत चालली आहे. वरचा आकडा तेवढा वाचता येतो.